पाहुण्याची फटफटी

सत्तरच्या दशकात पेट्रोल एकदम महागलं, त्याच सुमारास रिठदला मला बघायला तिसरं स्थळ आलं. आधीची दोन मोडली ती माझ्या हातांपायी. बाबांची पिठाची चक्की मीच चालवायची. तिचं इंजिन पेट्रोलवर सुरू करायचं आणि तापलं की नळ फिरवून रॉकेलवर घ्यायचं. शिकेकाई चोळून चोळून थकले, पण हातांचा वास जाईना. "पोरगी राकेलात मुरली हाय," असं दुसऱ्या स्थळाने चक्क बोलून दाखवलं होतं.

"इंजिनाचं नाव काढू नको," बाबांनी या खेपेला बजावलं. "अन् हात पदराखाली ठेव."

पाहुणा वाशीमचा कारकून. आपल्या मामांना मागे बसवून फटफटीवर आला. फटफटीआधी तिचा पांढरा धूरच अंगणात शिरला आणि दाराआड माझं नाक टवकारलं. रॉकेल! चहा घेताना तो स्वतःच रंगात येऊन सांगू लागला. सुरू करायला पेट्रोलची छोटी टाकी, मोठ्या टाकीत रॉकेल, ते तापावं म्हणून तांब्याची नळी सायलेन्सरला गुंडाळलेली. इंजिनाने ठोके देऊ नयेत म्हणून हेडखाली दोन गॅस्केट. सगळं स्वतःच्या हाताने केलेलं.

"अन् चढावर मले उतरून ढकला लागते," मामा म्हणाले.

आत मला हसू आवरेना. तो मला आवडला. सरळच सांगते, फार म्हणजे फारच आवडला.

निघताना मात्र फटफटी सुरू होईना. किका मारून मारून त्याचा सदरा पाठीला चिकटला. मामा गंभीर झाले. "निघतानाच गाडी अडली. लक्षण काही बरं नाही."

मला तर कळून चुकलं होतं. पेट्रोलवर न घेताच पठ्ठ्याने इंजिन बंद केलं होतं, आणि थंड इंजिनात रॉकेल पेटत नाही. बोलले तर हात उघडे पडणार, गप्प राहिले तर अपशकुन. स्थळ दोन्हीकडून जाणारच होतं. मग पदर खोचला आणि सरळ अंगणात गेले.

कार्बोरेटरखालचा स्क्रू सोडला. तळहातावर थेंब पडले, तेलकट, पुसूनही न जाणारे.

"बंद कराच्या आधी पेट्रोलवर घ्या लागते," मी म्हणाले. "तुमी विसरले." सगळं रॉकेल गाळून टाकलं आणि नळ फिरवला. "मारा आता."

एका किकेत सुरू! बाबांनी कपाळावर हात मारला. मामा माझ्या हातांकडे बघत राहिले, आणि तोही.

आठ दिवस काही निरोप नाही. बाबा माझ्याशी बोलेनात. नवव्या दिवशी भरदुपारी तो एकटाच आला, मागे गव्हाचं पोतं बांधून.

"वाशीमात चक्क्या नाहीत काय?" बाबांनी विचारलं.

"हायेत ना," तो म्हणाला आणि लाजला.

मी गहू दळून दिला. निघताना फटफटी पुन्हा अडली. तो किका मारत होता, पण पाय अर्ध्यावरच थांबत होता. मी खाली बसले, स्क्रू सोडला, थेंब तळहातावर घेतले. थंडगार लागले आणि बघता बघता उडून गेले. हात कोरडा. रॉकेल असं उडत नाही.

मी वर पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता, कानापर्यंत लाल होऊन.

"राकेलच राह्यलं का?" बाबांनी ओट्यावरून विचारलं.

"हो बाबा, राकेलच," मी म्हणाले, आणि तो एवढासा स्क्रू कितीतरी वेळ आवळत बसले.