उरलेलं अर्धं गाणं

शेवटचा भेटलो तेव्हा बाबल पेडणेकर खिडक्या लावून इटालियन गाणं ऐकत बसला होता. मला बघताच त्याने रेकॉर्ड थांबवली. मी गेलो की तो थांबवायचाच. चहा झाला, गुडघेदुखीच्या गोष्टी झाल्या... पुढच्याच आठवड्यात तो गेला.

तरुणपणी बाबल बोटीवर होता. बोट इटलीत जिनोव्हाला लागली की बंदरातल्या बारमध्ये जाऊन बसायचा. तिथे पेटीत नाणं टाकलं की गाणं वाजे, आणि गोदीतले कामगार, दुकानातल्या पोरी, सगळे गळा काढून साथ देत. "लढाईत वाट लागलेली माणसं रे ती," तो सांगायचा. "पहिल्यांदाच हातात चार पैसे, बुडाखाली स्कूटर. गातील नायतर काय?" लग्न केलं नाही. अंधेरीला आमच्या सोसायटीत, माझ्या शेजारी राहायला आला, तो ट्रंकभर रेकॉर्डी घेऊन.

घरोघरी रंगीत टीव्ही आले, त्या वर्षीच्या गणपतीत त्याने त्यातलं एक गाणं गायचं ठरवलं. मंडळाचा सेक्रेटरी मी. "दिनू, पुढे मजा आहे बघ," तो म्हणाला, "सगळ्यांनी म्हणायचंय." आठवडाभर जिन्यात भेटेल त्याला ओळ शिकवत होता. मांडवात मात्र सुरुवातीच्या संथ कडव्यालाच पोरं ओरडू लागली, "काका, डिस्को होऊ दे!" मला कार्यक्रम पडायची भीती वाटली. मी स्पीकरवाल्याला खूण केली. बाबलचा माइक बंद झाला, डिस्कोची कॅसेट सुरू झाली. त्याने माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे. "झकास," एवढंच म्हणाला आणि उतरला.

पुढे कोणी गायचा आग्रह केला की तो म्हणे, "गळा गेला." परवाच्या शोकसभेतही सगळे तेच बोलले. मीही तिथेच बसून मान डोलावली. म्हणून इथे लिहितो : त्याचा गळा गेला नव्हता. माइक मी बंद करायला लावला होता.

त्याच्या पुतणीने त्याचा रेकॉर्डप्लेअर मला दिला. वर तीच रेकॉर्ड होती, त्याने थांबवलेली. काल लावली. मांडवात तुटलं होतं ती जागा आली, गेली... आणि एकदम पन्नासेक माणसं मोकळ्या गळ्याने गाऊ लागली. मग वाद्यं हळू झाली, साथीसाठी जागा सोडल्यासारखी. मी तोंड उघडलं.

मला शब्द येत नव्हते. जिन्यात त्याने शिकवले होते, तेव्हा मी घाईत होतो.