दादाच्या विहिरीतलं गोड पाणी

वहिनींसमोर त्यांच्या विहिरीच्या पाण्याला खारट म्हणायची सोय नव्हती. पाहुण्याने पहिल्या घोटालाच तोंड वाकडं केलं, की त्या शांतपणे म्हणायच्या, "जरा अंगाचं आहे." अंगाचं पाणी म्हणजे काय, हे मला या वयातही उमगलेलं नाही.

विहीर माझ्या थोरल्या भावाने, दादाने, लग्नानंतरच्या उन्हाळ्यात स्वतः खणली. वहिनी वर उभ्या राहून मातीच्या पाट्या ओढायच्या. पाणी लागलं तेव्हा दादाने खालीच ओंजळ भरून चाखलं, पुन्हा एकदा चाखलं. मग वर बघून म्हणाला, "लागलं एकदाचं. होईल गोड हळूहळू."

दादा गेला, पाणी काही गोड झालं नाही. पण दुपारी घर पेंगायला लागलं की वहिनी कठड्यावर हात टेकून आत बघत बसायच्या. खाली वाटीएवढं आभाळ, त्यात एखादा ढग अडकलेला, आणि वहिनींचे ओठ हलताहेत. मी एकदा विचारलं, "काय म्हणतोय दादा?"

"तुमची चौकशी करत होते, भाऊजी. म्हटलं, आहेत तसेच आहेत, रिकामे."

अशात त्यांच्या लेकीचा, आमच्या चिमणीचा, फोन आला. तिचं बाळ वरच्या दुधावर होतं. "आई, महिनाभर यायचं मनात आहे गं. पण आपल्या पाण्याने दूध नासतं. पाण्यातले क्षार काढायचं मशीन बसवलंस तर राहते, नाहीतर आले तशी संध्याकाळी परत."

वहिनींचं जेवणात लक्ष लागेना. नातवंड मांडीवर हवं होतं, पण मशीन बसवायचं म्हणजे दादाची विहीर फसली असं आपल्याच तोंडाने कबूल करायचं. शेवटी मला म्हणाल्या, "बोलवा त्या नळवाल्याला. पण म्हणावं, विहिरीजवळ वाईट बोलायचं नाही."

नळवाला आला. तोंडात सतत दोन-तीन स्क्रू धरून बोलायची त्याची रीत. त्याने पेनासारखं एक यंत्र पाण्यात बुडवलं. त्यावरचे आकडे चढतच गेले.

"किती आले?" वहिनींनी विचारलं.

"दोन हजाराला टेकलंय, मावशी."

वहिनींचा चेहरा उजळला. "आमच्या यांना शाळेत पस्तीसच्या वर कधी मार्क पडले नाहीत." आकडा वाढला की क्षार वाढले, हे मी सांगेपर्यंत त्या बातमी द्यायला विहिरीवर पोचल्यासुद्धा.

तोवर त्याने भिंतीवर एकेक नळकांडं बसवलं. एकात गाळ अडणार, दुसऱ्यात कोळसा, आणि शेवटच्यात गुंडाळलेला बारीक पडदा. पंप पाण्याला रेटून त्या पडद्यातून नेणार, क्षार अलीकडेच राहणार. मशीनची टाकी मात्र फुटकी निघाली. नवी आणेपर्यंत त्याने दोन नळ्या मोरीवर मोकळ्या सोडल्या. "एक प्यायची, एक सांडायची," असं स्क्रूंच्या आडून पुटपुटत बोट दाखवलं आणि निघाला. वहिनी तेवढ्यात परतल्या होत्या. त्यांना शब्द ऐकू आले, बोट दिसलं नाही.

एका नळीतून धार लागली होती, दुसरीतून टिपटिप. वहिनींनी संसारातला हिशेब लावला. वाहतं ते पाणी, टिपकतं ती गळती. धारेखाली कळशी ठेवली आणि मोरी भिजू नये म्हणून टिपकणाऱ्या नळीखाली एक टवका उडालेली बशी सरकवली. कळशीतला घोट घेतला आणि जिंकल्यासारख्या हसल्या. "बघा भाऊजी. एवढं रेटून गाळलं, तरी चव तीच. पाण्यात खोट नव्हतीच मुळी."

मीही चाखलं. पहिल्यापेक्षा जास्तच खारट. मला वाटलं, नळवाल्याने टोपी घातली.

चिमणी आली. बाळ खांद्यावर झोपलेलं. वहिनींनी हौसेने चहा टाकला, दूध ओतलं, आणि भांड्यात सगळा चोथा झाला. चिमणीने भांड्याकडे पाहिलं, मग न उघडलेल्या बॅगेकडे.

"आई, मी जाते गं संध्याकाळी."

वहिनींच्या हातात गाळणी तशीच. घर इतकं गप्प झालं, की मोरीतली टिपटिप ऐकू आली, आणि तिच्या जोडीला लपलप, लपलप.

आमची मांजर. जन्मात तिने घरच्या पाण्याला तोंड लावलं नव्हतं, शेजारी जाऊन प्यायची. ती बशीवर डोळे मिटून पीत होती.

वहिनी बघत राहिल्या. मग पुढे होऊन नळीखाली बोट धरलं, चाखलं, पुन्हा धरलं.

"उलटंच केलं की हो मी," त्या हळूच म्हणाल्या.

मग थेंबाखाली स्वच्छ पातेलं ठेवलं आणि आम्ही सगळे पाटांवर बसून राहिलो. घाई करून थेंब थोडाच लवकर पडतो? मोरीतला उन्हाचा पट्टा भिंत चढून वर गेला. बाळ जागं झालं आणि तेही एकटक थेंबांकडे बघू लागलं. मला वाटतं, माझा तेवढ्यात डोळाही लागला. जाग आली ती चहाच्या वासाने. दूध अखंड राहिलं होतं.

चिमणीने कप रिकामा केला आणि बॅगेची चेन उघडली. वहिनींनी बाळाच्या दुधाचं पाणी उकळायला ठेवलं.

मला राहवेना. "म्हणजे आमचा दादा नापास?"

"नापास कसला? मशीनने काय साखर घातली? काढलंच ना नको ते? गोड पाणी आतच होतं. हळूहळू होईल, असं सांगून गेले होते ते."

पेलाभर पाणी घेऊन त्या विहिरीवर गेल्या. अर्धं स्वतः प्यायल्या, उरलेलं कठड्यावरून खाली सोडलं. वाटीएवढं आभाळ हललं, ढग फुटला आणि पुन्हा जुळून आला.