राणीचं पोट आणि माझे टाके

आमच्या कुळगावच्या प्राण्यांच्या दवाखान्यात केसपेपर हरवतात, किस्से मात्र साठत जातात. मी जन्मभर सर्जरी शिकवली. आता माझी विद्यार्थिनी डॉ. शीतल कुत्र्यांचे हर्निया दुर्बिणीतून करते आणि मी स्क्रीनसमोर बसून शंका काढतो.

"सर, श्वास घ्या," ती म्हणते. "भूल कुत्र्याला दिलीय."

*

चामटोलीच्या एका आजीबाईंनी पिल्लाच्या फुगलेल्या बेंबीवर नाणं ठेवून फडकं बांधून आणलं. "माज्या पोराचा असाच बसवला."

बेंबीमागचं भोक बारीक होतं, वाढत्या वयात आपोआप बुजणारं. आम्ही थांबलो, ते बुजलं. आजीबाई म्हणाल्या, "मंग, नाण्यानंच बसला ना?"



*

उल्हासनगरच्या कापडवाल्या सिंधी शेठना हर्नियाच्या ऑपरेशननंतर त्यांच्या कुत्रीच्या, राणीच्या पोटावर तीनच बारीक छेद दिसले. "साईं, अंदर कुछ किया भी है?"

टाके चाटू नयेत म्हणून शीतलने राणीच्या गळ्यात नरसाळ्यासारखी प्लास्टिकची कॉलर अडकवली आणि शेठच्या हातात ऑपरेशनचं रेकॉर्डिंग दिलं.

पुढच्या आठवड्यात पडद्याचं कापड घ्यायला गेलो, तर दुकानातल्या टीव्हीवर राणीचं पोट चालू! एक गिऱ्हाईक विचारत होतं, "भैया, ये कौनसी सिरीयल है?"

*

शेठ राणीचे टाके दाखवायला आले तेव्हा मला खोकला आला आणि हात नकळत जांघेवर गेला. शेठ म्हणाले, "साईं, राणी भी ऐसे ही करती थी."

दोन वर्षं लपवलेला माझा हर्निया शेजारी उभ्या शीतलला असा कळला. बायकोला तेवढा ठाऊक होता, ती तर ऑपरेशनसाठी मागे लागून थकली होती. मला टेबलावर झोपायचीच भीती.

"आतडं अडकलं तर काय होतं, हे तुम्हीच शिकवलंत," शीतल म्हणाली. "याच आठवड्यात जायचं."

*

अंबरनाथच्या हॉस्पिटलात नर्सने विचारलं, "आजोबा, काही खाल्लं-प्यायलं नाही ना?"

"नाही. पाण्याचं भांडंही रात्रीच उचलून ठेवलंय," मी कुत्र्याच्या मालकासारखं सांगितलं.

नर्सने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "उपाशी आहेत, असं लिहा."

*

ऑपरेशन छान झालं. तरी घरी दर दहा मिनिटांनी मी पट्टी उचलून बघायचो. लाल झालंय का? सुजलंय का? बायकोने दोनदा हात बाजूला केला, तिसऱ्यांदा शीतलला फोन केला.

संध्याकाळी ती आली. फळं नाहीत, फुलं नाहीत, हातात फक्त दवाखान्याची पिशवी.

"लॅब्रेडॉरचा साइझ आणलाय, सर. मान वर करा."