फाटकपुऱ्याचा मेंबर

जळगाव स्टेशनजवळचं रेल्वे फाटक ओलांडलं की एकेकाळी फाटकपुरा लागायचा. कापसातली सरकी काढणारे जिन त्या बाजूला उभे राहिले, त्यांच्या मागे कामगारांची आणि गाडीवानांची वस्ती वाढली, आणि १९०६ साली नगरपालिकेनं तिचा वेगळा वॉर्ड केला. गावाबाहेरचा असा तो एकच वॉर्ड. आज त्या नावाची पाटीसुद्धा कुठं दिसत नाही. मला मात्र फाटकपुरा म्हटलं की चुडामणभाऊ आठवतात. वस्तीत लहानथोर सगळे त्यांना मेंबर म्हणत. नगरपालिकेत मेंबर म्हणून ते एक दिवसही बसले नाहीत.

चुडामणभाऊ मूळचे नरडाण्याकडचे. शेती भावाला सोपवून, बैलजोडी घेऊन ते जळगावला आले. रुईच्या गाठी जिनमधून मालधक्क्यावर पोचवायच्या, हे त्यांचं काम. दिवसाचा बराच वेळ बंद फाटकाशी जायचा. मालगाडी आली की इकडच्या गाड्या इकडे, तिकडच्या तिकडे. त्यामुळे वाट पाहण्याची सवय त्यांना गाडीवरच लागली.

आमच्या वॉर्डातून पहिल्यापासून उत्तमचंद शेठ निवडून येत. त्यांचा मोठा जिन फाटकपुऱ्यात होता आणि त्या जागेची घरपट्टी भरत असल्यानं त्यांचं मतही इथंच होतं. राहायला ते गावात होते. माणूस सरळ. नळ आणला, मारुतीच्या पाराशी कंदील लावला. त्यामुळे त्यांच्यासमोर कोणी उभं राहत नसे. निवडणूक जाहीर झाली की चार जुनी माणसं पारावर बसत, शेठचं नाव घेत आणि संध्याकाळी शेठच्या खर्चानं वरण-बट्टी, वांग्याची भाजी होई. गावातले लोक हसून म्हणायचे, फाटकपुऱ्यात मतं टाकत नाहीत, बट्ट्या मोडतात.

चुडामणभाऊंनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एका निवडणुकीत मात्र गावातल्या एका उमेदवारानं म्हाताऱ्या मतदारांना आणायला त्यांची गाडी भाड्यानं घेतली. मत तेव्हा अधिकाऱ्याला तोंडी सांगायचं असे. झुलाल नावाचे एक आजोबा वाकून चालत मतदानाच्या शाळेत गेले आणि ताठ होऊन बाहेर आले. परत नेताना चुडामणभाऊंनी त्यांना विचारलं, आत असं काय असतं? आजोबा म्हणाले, "बाहेर बठ्ठा इचारतस, तू कोना शे? मझार गया का इचारतस, तुले कोन पाहिजे?"

बाहेर सगळे विचारतात तू कुणाचा. आत गेल्यावर विचारतात तुला कोण हवा. हे वाक्य चुडामणभाऊंच्या मनात घर करून राहिलं. त्यांना उभ्या आयुष्यात यातला फक्त पहिला प्रश्न विचारला गेला होता. कुणाच्या घरचा, कुठल्या गावचा, कोणत्या जिनचा. दुसरा प्रश्न आपल्याला एकदा तरी, आपल्याच वॉर्डात, विचारला जावा एवढीच त्यांची इच्छा होती.

पण त्या काळी ठरावीक घरपट्टी भरणाऱ्यालाच मत असे, आणि चुडामणभाऊंचं घर कुडाचं होतं. मग त्यांनी दोन-तीन हंगाम जास्तीच्या खेपा मारून विटांच्या भिंती उभ्या केल्या, वर पत्रे टाकले. कुणी पट्टी लावायला येईना, म्हणून स्वतः नगरपालिकेत गेले आणि माझ्या घराला पट्टी लावा म्हणून उभे राहिले. पट्टी कमी करून मागायला रोजच माणसं येत. वाढवून मागायला आलेला हा पहिलाच. कारकुनानं बाकीच्यांना बोलावून त्यांना दाखवलं म्हणे. घरी भिकुबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, शेजारणींना सांगत, "लोक घर बांधतस राहाले. आमना घरधनीनी बांधं मत देवाले."

ते मतदार झाले. पुढच्या निवडणुकीला बैल न जुंपता, धुतलेलं धोतर नेसून बसले. निवडणूक बिनविरोध झाली. संध्याकाळी पंगतीत त्यांच्या पानावर बट्टी पडली, ती त्यांनी तशीच घरी आणली. त्यानंतरच्या खेपेलाही तेच. पारावर त्यांनी दबकत विचारून पाहिलं, कुणी नावापुरतं उभं राहील का? लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. शेठशी वैर कोण घेणार?

एकोणचाळीसची लढाई सुरू झाली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी नुकताच शेठच्या पेढीवर हिशेबाला लागलो होतो. एक दिवस चुडामणभाऊ पेढीच्या पायरीशी वहाणा काढून आत आले आणि त्यांनी उमेदवारीचा कागद शेठपुढे ठेवला. मराठी चौथीपर्यंत शिकलेले असल्यानं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. सुचवणाऱ्याची सही तेवढी राहिली होती. ती त्यांना शेठची हवी होती. फाटकपुऱ्यात कुठलाही कागद शेठच्या सहीशिवाय पुढे सरकत नसे. मग हा तरी कसा सरकेल, असा त्यांचा सरळ हिशेब.

शेठनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला. म्हणाले, "चुडामण, माझं काही चुकलं का?"

"नही शेठ. तुमनं काय चुकी? मी तुमलेच मत देसू."

"मग उभा कशाला राहतोस?"

"मी उभा नही राहिनू त मत देवाले कसं भेटी?"

पेढीवर मुनीम होते, दोन व्यापारी होते. कुणाला हसावं की नाही ते कळेना. शेठनी चष्मा परत चढवला. मग त्यांनी माझ्याकडून टाक मागून घेतला आणि सही केली. नगरपालिकेच्या कारकुनानं नियमांचं पुस्तक उलटंसुलटं चाळलं. उमेदवारानं विरोधकाला सुचवू नये असं त्यात कुठं सापडलं नाही.

फाटकपुऱ्यात गहजब झाला. पारावरची जुनी माणसं चुडामणभाऊंशी बोलेनाशी झाली. यंदा बट्टी बुडाली, याचाही राग होताच. गाडीवान फाटकाशी उभे असले की त्यांना आधी वाट देत आणि वाकून म्हणत, चला मेंबर, तुमच्या बैलांना आधी जाऊ द्या. मेंबर हे नाव तेव्हा पडलं ते पडलंच. ते नुसते हसत. मतदानाचा दिवस जाहीर झाला होता. मारुतीच्या देवळामागची धर्मशाळा त्यासाठी ठरली होती. तिथं मतदानाचा मांडव लागतो की काय म्हणून रिकामी गाडी ते मुद्दाम त्या बाजूनं नेत.

मग लढाई लागली. निवडणूक पुढे ढकलल्याचा हुकूम आला. पुढच्या साली पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही. शेठची मुदत आपोआप वाढत गेली. चुडामणभाऊ दर वर्षी पेढीवर येऊन मला विचारत, यंदा का? मी नाही म्हणालो की मान हलवून जात. लढाई संपल्यावर नगरपालिकेनं वॉर्ड नव्यानं आखले. फाटकपुऱ्याचे दोन तुकडे करून ते गावातल्या वॉर्डांना जोडले. नावं गेली, क्रमांक आले, जुने उमेदवारी अर्जही रद्द झाले. शेठ तोवर थकले होते. आता उभं राहायचं नाही असं त्यांनी सांगून टाकलं.

सत्तेचाळीसच्या सुरुवातीला एकदाचं मतदान झालं. शेठ आणि चुडामणभाऊ आता एकाच वॉर्डात होते आणि जागा होती गावातली शाळा. शेठनी मुलाची मोटार नाकारली आणि चुडामणभाऊंना गाडी घेऊन बोलावलं. शेठना धरायला मी बरोबर होतो. उमेदवारांतला एकही फाटकपुऱ्यातला नव्हता. शेठ आत जाऊन आले, गाडीत बसले. मग चुडामणभाऊ गेले. आतून त्यांनी सांगितलेलं उमेदवाराचं नाव आम्हाला बाहेर ऐकू आलं, इतकं मोठ्यानं त्यांनी ते सांगितलं.

परतताना शेठ म्हणाले, एकदा फाटकापलीकडे ने. फाटक बंद होतं. गाड्या उभ्या होत्या. चुडामणभाऊ कासरा धरून पुढे बघत होते.

शेठ म्हणाले, "तेव्हा मतदान झालं असतं तर तू पडला असतास, चुडामण."

"पडनूच असतू. मनं मत तुमलेच व्हतं."

मालगाडी लांबून शिटी देत आली. शेठ गाडीत पुढे सरकले. मग म्हणाले, "माझं तुला होतं."

चुडामणभाऊंनी मागे वळून पाहिलं नाही. डबे एकामागून एक गेले, फाटक उघडलं, तरी आमची गाडी हलेना. मागचे गाडीवान ओरडू लागले, "मेंबर, झोपी गयात का?" तेव्हा कुठे त्यांनी बैलांच्या पाठीवर हात टाकला.

जिनपर्यंत जाऊन, पारावरचा बिनतेलाचा कंदील बघून शेठ घरी गेले. मी चुडामणभाऊंबरोबर त्यांच्या दारापर्यंत गेलो. भिकुबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या.

"इचारं का मंग, कोन पाहिजे?"

"इचारं," ते म्हणाले. बैल सोडून त्यांनी दावणीला बांधले आणि त्यांच्यापुढे कडबा टाकला. मग हळू आवाजात म्हणाले, "पन माले जो पाहिजे व्हता, तो बाहेर गाडीमा बसेल व्हता."