सासूबाईंचं सामान आणि मालवाहू विमान

सासूबाईंना जवळच्याच पद्मनाभपूर वस्तीतून आमच्याकडे हुडको कॉलनीत आणायचं ठरलं, तेव्हा माझी शाळेची नोकरी संपायला दोन वर्षं होती आणि गुडघे आधीच संपले होते. त्यांच्या कंबरेच्या हाडाचं ऑपरेशन झालं होतं. शाळा सुटली की त्यांच्याकडे जायचं, अंग पुसायचं, भात-वरण करून ठेवायचं आणि परत यायचं, असे तीन महिने मी काढले होते. त्यामुळे सामान हलवायच्या दिवशी मला कुणाचीच शिस्त नको होती, नवऱ्याची तर मुळीच नको होती.

नवरा हवाई दलातून निवृत्त झालेला. लष्कराच्या मालवाहू विमानात कुठलं ओझं कुठे ठेवायचं, कसं बांधायचं, हे त्याचं काम. लग्नानंतरची पहिली वर्षं मी त्या विमानाच्या गोष्टी ऐकल्या. आधीच्या विमानाला डोंगरातल्या विरळ हवेत दम लागायचा, म्हणून जास्त ताकदीची इंजिनं बसवून हे बनवलं. ती इंजिनं पंखांच्या वर चढवली, म्हणजे कच्च्या धावपट्टीवरचे दगड उडून पात्यांना लागत नाहीत. शेपटीखालचं दार उघडलं की जीप सरळ आत जाते, आणि तेच दार हवेत उघडून पिठाची पोती छत्रीला बांधून खाली सोडता येतात. सुरुवातीला मी कौतुकानं ऐकायची. नंतर नुसती ऐकायची.

टेम्पो सकाळी आला. ड्रायव्हर आमच्याच वयाचा, थकलेला माणूस. त्यानं लोखंडी कपाट चढवलं आणि नवऱ्यानं ते उतरवायला लावलं. मग खडूनं टेम्पोच्या फळ्यांवर, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध, आडवी रेघ मारली. कपाट रेघेच्या पुढे, शिलाई मशीन आणि भांड्यांची पोती मागे, सगळं दोरीनं आवळून. ड्रायव्हर हिंदीत म्हणाला की साहेब, ही गाडी रस्त्यावरूनच जाणार आहे. नवऱ्याला ते ऐकूच गेलं नाही. इंजिनांच्या आवाजानं त्याचे कान अर्धे गेले आहेत.

ऊन चढलं होतं. मी त्याच्या कानाशी जाऊन ओरडले, "कावून जीव खाऊन राहिले जी तुम्ही? जायचं किती दूर हाय?"

तो शांतपणे म्हणाला, "अँब्युलन्स येत नाही म्हणते. माय इथंच झोपन, मंधात. तिले धक्का नको बसाले."

तेव्हा मला दिसलं की रेघेवरची जागा त्यानं मोकळी ठेवली होती.

शेजाऱ्यांनी हात लावला आणि सासूबाईंना गादीसकट वर घेतलं. एका बाजूला मी बसले, दुसऱ्या बाजूला तो, त्यांच्या कंबरेला दोन्ही हातांनी आधार देऊन. टेम्पो अगदी हळू निघाला. वाटेत सासूबाईंनी त्याला विचारलं की तुझ्या विमानात जखमींना असंच आणत होते का. त्याला ऐकू आलं नाही म्हणून मी प्रश्न पुन्हा सांगितला. तो म्हणाला, हो, स्ट्रेचर एकावर एक टांगता येत होते.

"वर जातानी राशन नेत होतो," तो म्हणाला. "येतानी कधी पेट्या आणत होतो, झेंडा घातलेल्या. त्याईचं वजन बी कागदावर लिहा लागे. मीच लिहो."

इतक्या वर्षांत हे त्यानं मला सांगितलं नव्हतं, आणि मीही परतीच्या फेऱ्यांबद्दल कधी विचारलं नव्हतं. सासूबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. हुडकोचं वळण येईपर्यंत तो तिथंच होता.

त्या आमच्याकडे दीड वर्ष राहिल्या. त्यांना उचलणं, बसवणं सगळं तोच करायचा. माझ्याकडे स्वयंपाक आणि शाळेच्या वह्या. एका दुपारी टीव्हीवर नव्या मालवाहू विमानाची बातमी लागली. ते आपल्याच देशात बनणार होतं. सासूबाईंनी विचारलं, हे चांगलं आहे का. तो म्हणाला की माणसं कमी लागतात, वजनाचा हिशेब मशीनच करून देते.

"मंग बरं हाय," त्या म्हणाल्या. "कोणाले लिहा नाही लागन."

त्यानं मान हलवली आणि त्यांची उशी सरळ केली.