दोन दोऱ्यांचा पतंग
नव्या रेनकोटच्या कापडाचा वास आला की मला वर्तकनगरच्या मैदानातली ती संक्रांत आठवते. आदल्या वर्षी माजिवड्याच्या पुलावर बाइकवरून जाताना मांजाने गळा कापून मैत्रिणीचा भाऊ गेला होता. म्हणून आम्ही दोघींनी मांजाविरुद्ध पत्रकं छापली होती आणि कुणाशी काटाकाटी न करता हवेत नुसत्या गिरक्या घेणारा, दोन दोऱ्यांचा, रेनकोटसारख्या कापडाचा पतंग मागवला होता. तो गवतावर पसरून मी कडेच्या शिवणीत काठ्या सरकवल्या, मधल्या सांध्यात घट्ट बसवल्या आणि दोन्ही दोरे ताणून सारखे करत होते, तेवढ्यात मैत्रिणीची आई मैदानात आली. मुलगा गेल्यापासून त्यांनी घरात शिवणाचा दोराही ठेवला नव्हता. "काकू, याला काच नाही, अजिबात कापत नाही," मी पत्रक पुढे करत म्हणाले. "तू ओढून बघितलास?" त्यांनी विचारलं. "अहो, पाकिटावर लिहिलंय." "मग हात दे इकडे." त्यांनी दोरा माझ्या बोटावर ठेवून एकदाच जोरात ओढला. रक्ताची बारीक रेघ उमटली. "आई, काय करतेस!" मैत्रीण ओरडली. काकू माझ्याकडेच बघत होत्या. "उद्या हा कुणाच्या गळ्यावर आला, तर त्याच्या आईला काय पाकीट दाखवणार?" मी गाठी सोडल्या, काठ्या काढल्या. मांजाविरुद्ध मी आजही तितक्याच त्वेषाने लिहिते. फक्त छापायला देण्याआधी ते काकूंना वाचून दाखवते.