सर्व्हर दुरुस्त झाला त्यानंतर

केजच्या कॉलेजात सर्व्हर सांभाळणारा मी एकटाच. पोरं त्यावर पायथॉन शिकायची, तयार कोडच्या लायब्रऱ्या घालून आपापलं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे कामाची मांडणी, बनवायची आणि दुसऱ्या दिवशी ते गायब. मग माझ्या दारात गर्दी. "सर, कावून दिसत न्हाई?" मी करवादायचो आणि सगळ्यांना चहा सांगायचो.

कारण शेवटी सापडलं. लाइट कधीही जाते, म्हणून आमची पोरं उठताना सगळं बंद करून जातात. बंद केलं की त्यांचा कंटेनर, म्हणजे सर्व्हरवरची तात्पुरती खोली, पुसला जायचा, आणि एन्व्हायर्नमेंट होतं त्याच्याच पोटात. मी सगळ्यांची एन्व्हायर्नमेंट कायमच्या डिस्कवर हलवली. काम फत्ते.

आता कुणाचं काही हरवत नाही. चहावाला मात्र अजून दारातून विचारतो, "किती कप?"

"दिसत न्हाई का? एकच."